तुम्ही विचारलंत म्हणून : निकल्सनच का?

शाळांमध्ये विमानांवर बोलायला जातो तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो. "काका, निकल्सननं किती विमानं पाडली?" मी सांगतो, दुसऱ्या महायुद्धातल्या या ब्रिटिश लढाऊ वैमानिकाच्या नावावर मोठी यादी नाही. मग मुलं विचारतात, "तरी तुम्ही त्याच्याबद्दलच का बोलता?"

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, म्हणून माझं उत्तर टाकीपासून सुरू होतं. तो उडवायचा त्या हरिकेन लढाऊ विमानाच्या पंखांत इंधनाच्या दोन टाक्या असत. तिसरी राखीव टाकी २८ गॅलनची, वैमानिकाच्या पुढ्यातच, डायलच्या पाटीमागे. म्हणजे गुडघ्यांसमोर जवळजवळ सव्वाशे लिटर पेट्रोल! ती फुटली की आगीचा लोळ थेट कॉकपिटमध्ये. अशा वेळी वरचं झाकण सरकवायचं आणि उडी मारायची, बस्स.

१६ ऑगस्ट १९४० रोजी साउदॅम्प्टनच्या आकाशात २४९ स्क्वाड्रन या तुकडीच्या फ्लाइट लेफ्टनंट जेम्स निकल्सनच्या विमानावर शत्रूच्या विमानातल्या तोफेचे चार गोळे आदळले. दोन त्याला लागले, एकानं ती राखीव टाकी पेटवली. वय २३. बायको मुरिएल पहिल्या बाळाची वाट बघत होती. तो उडी मारायच्या बेतात होता, तेवढ्यात एक जर्मन लढाऊ विमान, मेसरश्मिट ११०, समोर आलं. तो पुन्हा खाली बसला आणि हाताची कातडी सोलून निघत असताना त्यानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मग उडी मारली. पॅराशूटनं उतरताना खालच्या होमगार्डांनी शत्रू समजून त्याच्यावरच बार काढले, तेही लागले. त्याच चकमकीत त्याचा तरुण साथीदार मार्टिन किंग यानंही उडी मारली होती; त्याचं पॅराशूट मिटलं आणि तो गेला.

एकदा घरी स्टोव्हचा भडका उडून माझा तळहात भाजला होता. रुपयाएवढा फोड. पंधरा दिवस मला पाना धरता आला नाही. त्या माणसाचा हात थ्रॉटलवर कसा टिकला असेल, हे माझ्या कल्पनेत आजही मावत नाही.

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. ब्रिटनच्या लढाईत, म्हणजे १९४० मधल्या जर्मनीविरुद्धच्या त्या हवाई लढाईत, जवळपास तीन हजार जण उडाले, पण फायटर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागात, तो मान मिळालेला, अख्ख्या युद्धात, तो एकटाच.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. मला मात्र पुढची पाच वर्षं जास्त मोठी वाटतात. चेहरा, मान, हात, पाय भाजलेले. कितीतरी महिने बरं होण्यातच गेले. कुणी त्याला पुन्हा उडायला सांगितलं नसतं. तो उडाला. १९४२ मध्ये भारतात आला, कलकत्त्यात काम केलं. १९४३ च्या ऑगस्टपासून वर्षभर २७ स्क्वाड्रन सांभाळली, सुरुवातीला आगरतळ्याहून. त्यांच्याकडच्या विमानांत मॉस्किटोही होती, आणि ती लाकडाची. आगीत होरपळलेला माणूस लाकडी विमान घेऊन ब्रह्मदेशावर जात होता, आणि मुलं मला आकडा विचारतात!

पुढे तो विंग कमांडर झाला, मुख्यालयात नेमणूक झाली. २ मे १९४५ ला तो एका लिबरेटर बॉम्बरमधून निरीक्षक म्हणून निघाला. जर्मनीच्या शरणागतीला सहाच दिवस उरले होते. बंगालच्या उपसागरावर त्या विमानानं पेट घेतला.

पुन्हा आगच. हे सांगताना माझा आवाज दर वेळी अडतो.

त्याचा देह मिळाला नाही. नाव सिंगापूरच्या स्मारकावर कोरलेलं आहे. १९८३ मध्ये मुरिएलबाईंनी ते पदक लिलावात काढलं, १,१०,००० पौंडांना गेलं. हवाई दलातल्या विधवांना पेन्शन किती तुटपुंजी मिळते हे लोकांना दिसावं, म्हणून. आता ते लंडनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, त्या काचेपाशी थोडा वेळ थांबा आणि मुरिएलबाईंचंही नाव घ्या.