सहा तासांची मुदत

खासगी संस्थेच्या संगणक जाळ्याची सुरक्षा हा तिचा अंतर्गत मामला आहे, हे म्हणणे मला पटत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांवर देशोदेशीच्या एटीएममधून पैसे निघत राहिले, कारण व्यवहारांना मंजुरी बँकेची खरी यंत्रणा नव्हे, तर चोरट्यांची यंत्रणा देत होती.

सर्ट-इन या सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवणे आणि यंत्रणांचे लॉग, म्हणजे कोणत्या वेळी काय घडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. यातला लॉगचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. फायरवॉल (जाळ्यात येणारी-जाणारी माहिती तपासून अडवणारी यंत्रणा) आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत चार मिनिटांचा फरक असला, तरी आधी काय घडले हे ठरवता येत नाही. म्हणूनच घड्याळे एनआयसी (सरकारचे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्याची अट रास्त आहे. सहा तासांची मुदत मात्र लहान संस्थांना जाचक ठरते. युरोपात जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसार वैयक्तिक माहितीच्या गळतीची खबर देण्यास ७२ तास मिळतात. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर वापरकर्त्याची ओळख झाकणारी सेवा, देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे सांभाळण्याची सक्ती तर सुरक्षेपेक्षा पाळतीच्या जवळ जाते, आणि ती मागे घेतली जावी, असे माझे स्पष्ट मत आहे.