तुम्ही विचारलंत म्हणून: सातपुड्याचा वाचता येईल असा नकाशा

"सातपुड्यात लांब चालायचंय, कंटूरवाला चांगला नकाशा कुठे मिळतो?" दिवाळीआधी अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रेला निघणारी पोरं हे विचारतात, नर्मदा परिक्रमेची तयारी करणारे विचारतात. शिरपूरचा एक मित्र तर दरवेळी अहिराणीतच विचारतो, "भाऊ, तो रेघास्ना नकाशा कोठे भेटस?" त्या रेघा म्हणजेच कंटूर, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. नकाशा भेटतो कुठे, हे दोन ओळींत सांगता येतं. खरी अडचण त्यानंतर येते. हातात पडलेला नकाशा वाचता येत नाही, आणि त्याचं कारण निम्म्या वेळा झेरॉक्सच्या दुकानात सापडतं.

आधी कुठे ते सांगतो. डेहराडूनची सर्वे ऑफ इंडिया, म्हणजे १७६७ पासून या देशाची मोजणी करणारी संस्था. २००५ च्या नकाशा धोरणात तिने दोन मालिका वेगळ्या केल्या, एक लष्करासाठी आणि एक तुमच्या-आमच्यासाठी. आपली ती ओपन सिरीज. संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी केली की १:५०,००० ची शीट पीडीएफमध्ये फुकट उतरवता येते. टोपोशीट, म्हणजे सर्वेचा असा कंटूरवाला नकाशा, बाळगणं गुन्हा आहे असं अजूनही काही जण कुजबुजत सांगतात. ओपन सिरीजच्या बाबतीत ती भीती सोडून द्या.

शीटचे नंबर बघून लोक बिचकतात. जुन्या पद्धतीत खानदेश जवळपास सगळा ४६ नंबराच्या मोठ्या चौकोनात बसतो. त्यात एकेका अंशाचे सोळा चौकोन, त्यांना ए ते पी अशी अक्षरं, आणि प्रत्येक चौकोनाचे पुन्हा सोळा तुकडे. नंदुरबार, शहादा, धडगाव ४६ के मध्ये, धुळे ४६ एल मध्ये, जळगाव आणि यावलचं जंगल ४६ ओ मध्ये. चाळीसगाव एल आणि पीच्या सीमेवरच येतं, आणि रावेर तर ४६ सोडून ५५ सी मध्ये जातं. नव्या मालिकेत शीटवर एफ ४३ ने सुरू होणारा नंबर दिसेल, त्याने गोंधळू नका. तोरणमाळला जायचं तर ४६ के/५ घ्या. पण गाव त्या शीटच्या पूर्व कडेला आहे, त्यामुळे शेजारची ४६ के/९ पण लागते. नकाशाची कड नेमकी आपल्या वाटेवर यावी हा जगातल्या सगळ्या चालणाऱ्यांचा भोग आहे.

आता छपाई. एका शीटमध्ये साधारण २६ किलोमीटर रुंद आणि २८ किलोमीटर उंच मुलूख असतो. १:५०,००० म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, म्हणून नुसता नकाशाच बावन्न बाय पंचावन्न सेंटिमीटर भरतो, समास वेगळा. दुकानातला मुलगा ही फाइल उघडतो, 'फिट टू पेज' करून ए-४ वर काळी-पांढरी काढून देतो आणि पाच रुपये घेतो. तुमचा किलोमीटर सहा-सात मिलिमीटरवर आला. सातपुड्याची दक्षिण बाजू तापीच्या सपाटीतून एकदम उभी राहते. तिथे ४५ अंशांच्या उतारावर वीस-वीस मीटरच्या दोन कंटूरमध्ये मूळ शीटवरच अर्ध्या मिलिमीटरहून कमी जागा असते. ती आणखी आक्रसली की रेघा उरत नाहीत, नुसता करडा डाग दिसतो. मग माणूस म्हणतो, मला नकाशे समजत नाहीत.

घरांचे प्लॅन छापणारी दुकानं शोधा, धुळ्यात-जळगावात ती आहेत. प्लॉटरवर, म्हणजे मोठे कागद छापणाऱ्या यंत्रावर, ए-१ कागदावर रंगीत काढून घ्या आणि 'अ‍ॅक्च्युअल साइझ' हे दोनदा सांगा. प्रिंट हातात आली की पैसे देण्याआधी शाळेतली पट्टी स्केलच्या रेघेवर ठेवा. किलोमीटर बरोबर दोन सेंटिमीटर भरला पाहिजे. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर आपल्या वाटेपुरता भाग दुप्पट मोठा करून घ्या. किलोमीटरला चार सेंटिमीटर पडले तर एका ए-४ मध्ये साधारण पाच बाय सात किलोमीटर मावतात, आणि घाटवाटेवर एका दिवसाला तेवढं पुष्कळ होतं.

रंगीत का, तर पाण्यासाठी. या शीटवर बारमाही पाणी निळ्यात आणि कोरडे नाले काळ्यात काढलेले असतात. काळ्या-पांढऱ्या प्रतीत दोन्ही सारखेच. एप्रिलमध्ये यावलच्या जंगलात ही चूक महागात पडते. निळं दिसलं म्हणजे पाणी असेलच असंही समजू नका, पण काळ्या रेघेच्या भरवशावर बाटली रिकामी करू नका. तसंच, नाल्याच्या काठी ५ आर असं काही लिहिलेलं असतं. तो काठ पाच मीटर उभा आहे, म्हणजे तिथून सहज उतरता येणार नाही.

वीस मीटरच्या कंटूरचा एक धोका आपल्या दगडात आहे. काळ्या पाषाणाचे थर एकावर एक बसलेले, मधे सपाट पट्टा, मग कातळाची उभी पायरी. ती पायरी बारा-पंधरा मीटरची असली तर दोन रेघांच्या मधे सहज लपते. नकाशावर उतार गुळगुळीत दिसतो आणि प्रत्यक्षात तुम्ही कड्याच्या तोंडाशी उभे असता. गौताळ्याकडे अजिंठ्याच्या रांगेतही हेच. अशा वेळी गुरांची वाट शोधावी, ती कातळाला बगल देते.

दुसरी गोष्ट पाड्यांची. अक्राणीतलं, म्हणजे धडगावकडच्या डोंगरातलं, गाव म्हणजे चौकात देऊळ आणि भोवती घरं, असं नसतं. घरं एकेकटी, आपापल्या शेतात, या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत पसरलेली. शीटवर नाव एकाच ठिकाणी छापलेलं. "गाव आलं का?" विचारलं तर "हेच गाव" असं उत्तर मिळतं आणि मुक्कामाचं घर अजून तासभर लांब असतं. नावावर अंतर मोजू नका, कोणता पाडा ते विचारा.

परिक्रमावाल्यांचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे नकाशा सगळ्यात जास्त फसवतो. दक्षिण तटाने, नर्मदा उजव्या हाताला ठेवून शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे काठच्या डोंगरी जंगलात, शिरलं की जुन्या शीटवर काठाकाठाने वाट दिसते, काठावर गावं दिसतात. त्यातली बरीच सरदार सरोवराच्या पोटात आहेत. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली तर १९९३ पासून. म्हणून कोणतीही शीट उघडली की आधी खालच्या समासात सर्वेक्षणाचं वर्ष पाहा. मग निळी पेन्सिल घ्या. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे, २०१९ च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा तिथवर भरलं. तुमच्या शीटवर १४० मीटरची कंटूर आहेच. तिच्यावरून पेन्सिल फिरवा आणि नदीकडची बाजू रंगवून टाका. पाणी प्रत्येक नाल्यात किती आत शिरलंय ते तेव्हा दिसतं, आणि आज बहुतेक जण काठ सोडून वरून, धडगाव-मोलगीच्या अंगाने का जातात तेही कळतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं तरी त्या पट्ट्यात घुसू नका, गाळ असतो. काही ठिकाणी नदी २२ अंश अक्षांशाच्या वर, म्हणजे उत्तरेला जाते, तिथे ४६ जे मधली शीट जोडावी लागेल.

मोबाइलबद्दल थोडक्यात. ओपनटोपोमॅप हा इंटरनेटवरचा नकाशा दिसायला देखणा आहे, ऑसमअँड या अ‍ॅपमध्ये कंटूर आधी उतरवून ठेवता येतात, नव्या सडका तिथे शीटपेक्षा लवकर येतात. पण त्यांच्या कंटूर मुख्यतः २००० साली अंतराळयानातून रडारने घेतलेल्या उंचीवरून काढलेल्या. अरुंद घळी आणि कडे त्यात गोलमटोल होतात. वाट मोबाइलवर बघा, डोंगर शीटवर बघा. होकायंत्राचं मात्र आपल्याकडे सुख आहे. सुईची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, बेरीज-वजाबाकी करायला नको.

अस्तंब्याच्या पोरांनी मात्र यातला एवढा खटाटोप करू नये. यात्रेच्या रात्री डोंगरावर इतकी माणसं असतात की पुढच्याच्या पाठीकडे बघत चाललं तरी माथा येतो. शीट लागेल ती यात्रा नसताना गेलात तर.