सात तुकडे, एकच बाजू

शुक्रवार, रात्र

आज माझी पीएचडीची विद्यार्थिनी केबिनमध्ये आली तेव्हा हातात लॅपटॉप नव्हता, तुटलेल्या नमुन्यांचा ट्रे होता. "मॅडम, जरा मायक्रोस्कोपवर येता का?" एवढंच म्हणाली. रात्रभर झोपली नव्हती हे दिसत होतं.

तिचा पीएचडीचा विषय फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा ताण बसून धातू थकणं आणि तुटणं. मिश्रधातूची गोल दांडी यंत्रात धरायची, ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची, तुटेपर्यंत. एकदा ओढून सोडलं की एक सायकल; आमचं यंत्र सेकंदाला अशा १० सायकल करतं. म्हणजे एक लाख सायकलना पावणेतीन तास, दहा लाखांना जवळजवळ २८ तास, आणि एक कोटी गाठायचं तर साडेअकरा दिवस. मध्येच पंप तापून बंद पडला तर सुट्टी असो की मध्यरात्र, धावत यायचं तिनेच. आतापर्यंत नऊ नमुने झाले. सात तुटले, दोन एक कोटीपर्यंत टिकले. ताण किती आणि नमुना किती सायकल टिकला, या आलेखावर नऊ ठिपके, आणि त्यांच्यामागे तिचे चार महिने.

मायक्रोस्कोपखाली तिने एकेक तुकडा ठेवला. फटीगचा तडा जिथे सुरू होतो तिथून त्याच्या खुणा पंख्यासारख्या पसरतात, त्यामुळे उगम सापडतो. नमुना यंत्राच्या पकडीत, म्हणजे ग्रिपमध्ये, धरण्याआधी समोरच्या बाजूला मार्करने बारीक रेघ मारायची तिची सवय आहे. ती मी शिकवलेली नाही. सातही तुकड्यांत तडा त्या रेघेच्या आसपासच सुरू झाला होता.

"ताण सगळीकडून सारखा असता तर तडा कुठूनही निघाला असता ना, मॅडम?"

माझ्या ओठांवर वाक्य आलं होतं : फटीगमध्ये स्कॅटर, म्हणजे निकालांचा विखुरलेपणा, असायचाच. ते वाक्य खरं आहे, म्हणूनच त्याची भीती वाटते. एकाच धातूच्या, एकाच ताणाखालच्या दोन नमुन्यांचं आयुष्य कित्येक पटींनी वेगळं निघू शकतं. पण स्कॅटर बाजू निवडत नाही. मी गप्प राहिले.

आणि ती नुसती शंका घेऊन आली नव्हती. काल रात्री एका नव्या नमुन्यावर तिने एकमेकांपासून ९० अंशांवर चार स्ट्रेन गेज, म्हणजे धातू किती ताणला गेला ते मोजणाऱ्या पट्ट्या, चिकटवले, थोडाच भार दिला आणि चारही आकडे लिहून घेतले. वाकण्याचा वाटा १३ टक्के. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ई४६६ मानकात तो ५ टक्क्यांच्या आत हवा. वरची आणि खालची ग्रिप एका रेषेत नाहीत. आपण ज्याला निव्वळ ओढ म्हणत होतो त्यात वाकणंही मिसळलेलं होतं. म्हणजे नऊही ठिपके चुकीच्या ताणापुढे मांडलेले.

ही तपासणी पहिल्या नमुन्याआधी व्हायला हवी होती आणि ती झाली का हे विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नाही. हे तिला मी आज तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "मलाही सुचायला हवं होतं." नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला ते न सुचणं आणि मला न सुचणं एका मापाचं नाही.

घरी आल्यापासून व्होलर या जर्मन अभियंत्याचा विचार करतेय. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर त्याने वर्षानुवर्षं हेच केलं, तुटेपर्यंत मोजलं. तिच्यासारख्या आलेखाला आपण 'व्होलरचा वक्र' म्हणतो, पण त्याने स्वतः निकाल तक्त्यांत दिले होते. वक्र त्याच्यामागून आलेल्यांनी काढले. तक्त्यात प्रत्येक नमुन्याची एक ओळ असते, ती गाळली तर जागा रिकामी दिसते. आलेखातून ठिपका गेला की काहीच दिसत नाही.

माझ्या पीएचडीत असा एक ठिपका होता. बाकीचे नमुने चार-पाच लाखांपर्यंत गेले आणि एक चाळीस हजारांवर तुटला. वहीत मी 'चाचणी अवैध' लिहिलं आणि पुढे गेले. कुणी विचारलं नाही. तो सदोष होता की खरंच लवकर तुटला, मला आजही माहीत नाही, कारण त्याचा तुटलेला पृष्ठभाग मी पाहिलाच नाही. समोर मायक्रोस्कोप होता. वीस मिनिटांचं काम होतं.

आलेख वार्षिक आढाव्यात दाखवून झालाय आणि परिषदेला सारांशही गेलाय. तो सोमवारी मागे घेणार. सहकाऱ्यांपैकी एकाने सुचवलं की 'प्राथमिक निकाल' असं लिहून राहू द्या. प्राथमिक म्हणजे अपुरा. हा अपुरा नाही, चूक आहे.

मुदतवाढीचा अर्ज टेबलावर आहे. त्यात 'प्रसिद्ध शोधनिबंधांची संख्या' असा रकाना आहे, तिथे शून्य. 'विलंबाचे कारण' याला एकच ओळ. तिने पेन्सिलीने लिहिलंय : यंत्रातील तांत्रिक बिघाड. मी ते खोडलं आणि मागच्या कोऱ्या पानावर सगळं लिहिलं. मार्करची रेघ, सात उगम, चार गेज, १३ टक्के, आणि हे तिने स्वतःहून शोधलं, कुणी विचारलेलं नसताना. खाली सही केली.

उद्या सकाळी आठला ग्रिप उघडायच्या आहेत. रेषा जुळली की पुन्हा चार गेज लावायचे. पृष्ठभाग घासून अ‍ॅसिटोनने पुसायचं काम मी मागून घेतलंय.