केक कुणी केला

झोप येईना म्हणून लिहायले. अकरा वाजून गेलेत, पाय दोनदा धुतले तरी नखात शेतातली काळी माती आहेच, आणि डोक्यात आत्यांचं एकच वाक्य फिरायलंय. तसं ते वाक्य काही लई मोठं नाही. भांडण नाही, टोमणा नाही, त्या तर विसरूनपण गेल्या असतील.

झालं असं की येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला सगळे शेतात जेवायला जमतात तेव्हा, मी ट्रफल घेऊन गेले. आता येळवशीला ट्रफल कोण नेतं, हे मलाही कळतं. पण थोरलीनं पंधरा दिवस डोकं खाल्लं होतं त्या रीलवरून. अमेरिकेत नाताळाच्या दिवसांत म्हणे लिटल डेबीचे पाकीटबंद केक मिळतात, ख्रिसमसच्या झाडाच्या आकाराचे, बाहेरून पांढरे आणि मध्ये क्रीम, तर ती बाई ते सगळे एका भांड्यात कुस्करते, गोळे वळते, चॉकलेटात बुडवते, झालं. ना ओव्हन, ना कुकरात मीठ टाकून केक भाजायचं नाटक. साडेसहाला घरी येणाऱ्या बाईला अजून काय पाहिजे. म्हटलं हे जमतंय, नाताळाच्या डब्याला पण होतील आणि शेतात पोरंबाळं असतातच.

आणि खरं सांगायचं तर मला यंदा शेतात रिकाम्या हातानं जायचं नव्हतं. भज्जीचं, म्हणजे येळवशीच्या त्या ताक-बेसनातल्या मिसळ भाजीचं, मी नाहीच म्हटलं होतं. आईंचं ते मोठं पातेलं माळ्यावर आहे, मी काढलंच नाही. असो.

आपल्याकडं ते झाडबिड कुठलं मिळायला, कोपऱ्यावरच्या दुकानातून १०-१० रुपयेवाला साधा स्लाइस केक आणला, १२ पाकिटं. एकेक पाकीट उलटं करून हिरवा ठिपका बघून घेतला, मार्गशीर्ष संपायचा होता आणि आत्यांना अंडं चालत नाही. दुकानदार बघतच राहिला, म्हणे वाढदिवस आहे का. चॉकलेट मात्र लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात जाऊन आणलं, डार्क कंपाउंडची ४०० ग्रॅमची लादी. सोळा रस्ते आहेत त्या गोलाईला आणि इतक्या वर्षांनी पण मी दरवेळी चुकीच्याच रस्त्यानं बाहेर पडते. तिथल्या माणसानं छातीठोक सांगितलं, ताई हे कंपाउंड लवकर वितळत नाही, बिनधास्त न्या.

रीलमध्ये दाखवत नाहीत ती गोष्ट अशी की त्यांच्या केकमध्ये क्रीम असतं म्हणून तो कुस्करला की आपोआप गोळा होतो, लागलंच तर थोडं क्रीम चीज घालतात. आपला स्लाइस केक कोरडा. मूठ वळली की वाळूसारखा सुटतो. मग मिल्कमेड. ते चमचा चमचा घालायचं असतं, मी घाईत एकदम ओतलं आणि त्याची खळ झाली, हाताला चिकटून बसली. मारीची अर्धी पुडी मिक्सरला फिरवून त्यात घातली तेव्हा कुठं लिंबाएवढे गोळे वळता आले. ते तासभर फ्रीजमध्ये, गार नसले की चॉकलेटात बुडवताना फुटतात आणि सगळं चॉकलेट भुशाचं होतं.

आणि चॉकलेटचं तर विचारूच नका. खाली उकळतं पाणी, वर वाटी. वाफेचं पाणी दोन थेंब आत पडलं असेल नसेल, सगळं एकदम आखडलं, बिघडलेल्या पाकासारखा खरखरीत गोळा. पाण्याशी त्याचं काय वैर आहे कोण जाणे, थेंबभर पडलं तरी बसतंच. निम्मी लादी गेली. (ती गरम दुधात ढवळली, पोरींनी पिऊन टाकलं, त्यांची चंगळ.) राहिलेली निम्मी मात्र, वाटी कोरडी ठणठणीत पुसून, गॅस बंद करून, निस्त्या वाफेवर वितळवली, चमचाभर तेल घातलं की पातळ होतं, काट्या चमच्यानं एकेक बुडवला. वरून भाजलेले तीळ टाकले. रीलमध्ये रंगीत साखर होती, पण घरात तीळ होते. ४१ झाले. रात्री साडेबारा वाजले.

एवढं सगळं मी का लिहायले? तर मी काय केलं त्याचा हिशोब द्यायलेय बहुतेक. कुणी मागितला नाही तरी.

शेतात कडब्याच्या कोपीपुढं सगळ्यांची पंगत बसली होती. पांडवांची पूजा झाली, आंबील फिरली, भज्जी वाढली, उंडे, तिळाची भाकरी, खीर. भज्जी जाऊबाईंनी केली होती. चांगली झाली होती. सगळ्यांनी एक घास खाल्ला आणि थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही, मग एकदम सगळेच मिठाबद्दल बोलायला लागले. मी खीर वाढायला उठले.

नंतर डबा काढला. पोरांनी झडपच घातली. आत्यांनी एक उचलला, उन्हात धरून बघितला, तोंडात टाकला.

"कशाचा गं लाडू?"

"केकचा आहे आत्या. ट्रफल म्हणतात."

"ब्येस झालाय. केक कुणी केला?"

"केक विकतचा आहे, पाकिटातला."

"आन् चाकलेट?"

"ते पण विकत."

त्या चावत चावत माझ्याकडं बघायल्या, अगदी मनापासून विचारायल्या हं, लहान पोरगं विचारतं तसं, "मंग तू काय केलीस?"

सगळे हसले. मी पण हसले. ह्यांनी तर पार ठसका लागेस्तोवर हसून घेतलं. आणि मी म्हणाले, "मी वळले."

मी वळले! चाळिशीच्या बाईचं उत्तर.

गाडीत बसल्यावर मला एकेक उत्तरं सुचायला लागली, नेहमीसारखीच, दोन तास उशिरा. म्हणायचं होतं की आत्या, आंबिलीचं ताक तरी कुणी घुसळलं, डेअरीचं पाकीटच फोडलं ना. खिरीचा गूळ कुणी काढला, ढेप बाजारातूनच आली. तूर, वाटाणा, ओला हरभरा सोलायला सकाळी सातपासून चार बायका बसल्या होत्या, भज्जी मात्र एकीनं केली म्हणायची. मग केलं कशाला म्हणायचं? कुठून पुढं धरायचं? पेरल्यापासून? आत्या म्हणतील हो, पेरल्यापासूनच. त्यांनी पेरलेलं आहे, त्यांना शोभतं.

मला आमच्या आईचा मलिदा आठवला. माझ्या आईचा, माहेरचा. रात्रीच्या उरलेल्या पोळ्या सकाळी कुस्करायची, गूळ, तुपाची धार, मुठीत दाबून लाडू, दप्तरात. पाच मिनिटांचं काम. आणि आम्ही म्हणायचो आईनं मलिदा केला. तिला कुणी विचारलं नाही की मग तू काय केलीस. अगदी तीच तर कृती आहे, भाजलेलं कुस्करायचं, गोड चिकट घालायचं, वळायचं. अमेरिकेच्या बाईनं वरून चॉकलेट लावलं एवढंच. औशाच्या पुढं येईपर्यंत मी या विचारावर जाम खूश होते. म्हटलं घरी गेल्यावर आत्यांना फोन करून सांगते.

मग लक्षात आलं की ती पोळी पण आईनंच केलेली असायची.

झालं. परत तिथंच.

मला वाटतं प्रश्न ट्रफलचा नाहीच. दिवसभर ऑफिसात मी जे करते त्याचं पण असंच आहे, इथली माहिती तिथं भरायची, वरून आलेलं खाली पाठवायचं, कुणी विचारलं दिवसभर काय केलीस तर सांगता येत नाही. थोरलीला गणित शिकवणीच्या बाई शिकवतात. धाकटीला मोबाईल. पापड बचत गटाचे. दिवाळीच्या करंज्या... जाऊ दे, करंज्यांचा विषय नको. आणि ते पातेलं. पातेलं काढायला काय जड होतं, स्टूल घेतलं असतं तर हात पुरला असता. भज्जी मला येत नाही असं पण नाही. शेजारी उभी राहून १४ वर्षं बघितलीय. बेसन ताकात कालवून कधी ओतायचं, गुठळी होऊ नये म्हणून कसं ढवळत राहायचं, सगळं. पण माझ्या हातचं खाऊन पण सगळे असेच थोडा वेळ गप्प बसले असते ना. मग बरंय त्यापेक्षा, केकचे गोळे. त्यांची तुलना कुणाशीच होत नाही.

हे लिहिलं आणि आता माझं मलाच हसू यायलंय, कारण रात्री साडेबाराला वाफेशी कुस्ती खेळून, निम्मी लादी वाया घालवून, ४१ गोळे वळून मी सोपं काम निवडलं म्हणे! एवढ्या वेळात भज्जी झाली असती आणि पातेलं घासूनपण झालं असतं.

फ्रीजमध्ये तीन उरलेत, त्यातला एक फुटका. तो खाऊन झोपते. चांगलेच झालेत पण, तिळानं मजा येते.

*

सकाळ. आत्यांचा फोन आला आत्ता, डबे भरत असतानाच. माझ्या पोटात गोळा, म्हटलं आता काय.

"अगं, पदराला काळं लागलंय, कशानं निघंल?"

"कसलं काळं?"

"ते तुजं ट्रफल का काय. नातवाला म्हणून दोन बांधले व्हते पदराला. जीपमधी उनाच्या बाजूला बसले, घरी येऊस्तोर निस्ता राडा."

गंजगोलाईच्या त्या माणसाला एकदा गाठलंच पाहिजे. मी म्हटलं, आत्या, पाणी लावू नका आधी, साडी फ्रीजमध्ये ठेवा, घट्ट झालं की नखानं खरवडून काढा, मग साबण. त्या म्हणाल्या, साडी फिरिजात? येड लागलंय का तुला. मग थोडा वेळ भांड्यांचा आवाज यायला लागला, काहीतरी सरकवायल्या होत्या. मी विचारलं, दोनच बांधले होते ना? तर म्हणतात, चार. पोरानं पदर चाटला म्हणे.

आणि फोन तसाच चालू ठेवून तिकडून ओरडल्या, अगं नऊवारी हाय, निस्ता पदर बसलाय आत, बाकीची बाहीर लोंबायलीय, दार लागंना!