पेट्रोल वाढवत गेलो, दोष पाइपच्या जोडात होता

सायलेन्सर आणि एअर फिल्टर एकाच दिवशी बदलले आणि चांगली चालणारी माझी सिंगल सिलिंडर गाडी आचके द्यायला लागली. सावकाश चालवताना एक्सलेटर जरासा पिळला की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग गाडी एकदम ओढायची. उतारावर एक्सलेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाफट आवाज. कार्ब्युरेटर असता तर मेन जेट एक नंबर मोठा टाकून, सुई एक खाच वर घेऊन पेट्रोल वाढवून बघितलं असतं. इंजेक्शनच्या गाडीत ती सोय नाही, म्हणून पेट्रोलचं प्रमाण बदलणारा कंट्रोलर आणला.

हा छोटा डबा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कंप्युटर, आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर यांच्या मध्ये बसतो. ईसीयू इंजेक्टरला जेवढा वेळ उघडं राहायला सांगतो, तो वेळ हा आपल्या तक्त्याप्रमाणे टक्क्यांनी कमी-जास्त करतो. तक्त्याच्या एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती उघडा आहे ते, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. ६,००० आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिनाचं अख्खं चक्र २० मिलिसेकंदांत संपतं. त्यात इंजेक्टर ५ मिलिसेकंद उघडत असेल, तर १० टक्के वाढ म्हणजे अर्धा मिलिसेकंद. एवढ्याशा वेळाने गाडीचा स्वभाव बदलतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

बसवायला फारसा त्रास झाला नाही. टाकी उचलली, कपलर जोडले, अर्थिंगची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला दिली. इंजिन बंद, चावी चालू ठेवून थ्रॉटल पूर्ण मिटलेला आणि पूर्ण उघडलेला असतानाचे व्होल्टेज कंट्रोलरला शिकवले. हे शिकवलं नाही तर तो २० टक्क्यांच्या जागी १५ टक्क्यांची चौकट वाचत बसतो.

तयार मॅप, म्हणजे आधीच भरलेला तक्ता, टाकून पाहिला. तो दुसऱ्याच कुठल्या सायलेन्सरसाठी केलेला होता. वरच्या आरपीएमला बरा, खाली जड. मग स्वतःच मोजायचं ठरवलं. कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो. लॅम्डा हे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं माप: १ म्हणजे नेमकं जुळलेलं, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त. मिश्रण लॅम्डा १ च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच तो सांगतो. किती लांब आहे ते सांगत नाही. म्हणून इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपला, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, एक बॉस (सेन्सर आवळायची आट्यांची रिंग) वेल्ड करून घेतला आणि त्यात वाइडबँड सेन्सर बसवला, जरा तिरपा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. वाचन लॅम्डातच ठेवलं. पेट्रोलसाठी १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हा हिशोब इथेनॉल मिसळलं की सरकतो, लॅम्डा १ मात्र १ च राहतो.

हिशोब सोपा आहे. एखाद्या चौकटीत ०.८८ हवा आहे आणि सेन्सर ०.९५ दाखवतोय, तर भागाकार येतो १.०८, म्हणजे तिथे ८ टक्के पेट्रोल वाढवायचं. मी तसंच करत गेलो. एक्सलेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या घरावर पांढरी टेप चिकटवली, लॅपटॉपवर थ्रॉटलचे टक्के बघत बघत पेनाने ५, १०, २०, ४० च्या रेघा ओढल्या. मोकळ्या रस्त्यावर एक रेघ जुळवून धरायची, आरपीएम हळूहळू चढू द्यायचं, नोंद कंट्रोलरमध्ये आपोआप होते. चालवताना लॅपटॉपकडे बघायचं नाही, हा नियम मी एकदाही मोडला नाही.

पहिले दोन दिवस गणित जुळलं. तिसऱ्या दिवशी २,५०० आरपीएमच्या आसपासच्या चौकटी वेड्यासारख्या वागायला लागल्या. सेन्सर म्हणे लीन, म्हणजे पेट्रोल कमी, मी ८ टक्के वाढवले. पुन्हा लीन, आणखी ६. दरम्यान मायलेज घसरलं होतं. धाकटा भाऊ गाडीमागे उभा होता. म्हणाला, "दादा, धुराला पेट्रोलचा वास येतोय. लीन कसली म्हणतोयस?"

प्लग काढला. टोकावर काळी, कोरडी काजळी, बोटाला लागेल अशी. आकडा लीन सांगतोय आणि प्लग रिच, म्हणजे पेट्रोल जास्त! प्लग खोटं बोलत नाही, त्यामुळे मी आकड्यावरचा विश्वास काढून घेतला आणि लॅपटॉप मिटला.

इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरने हळू हवा सोडली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. सिलिंडर हेडला बेंड पाइप जिथे बसतो, तिथे मागच्या बाजूला बारीक फेस यायला लागला, थांबेचना. सायलेन्सर बदलताना जुनंच गॅस्केट परत बसवलं होतं. ते एकदा चेपलं की पुन्हा नीट बसत नाही, हे माहीत असूनही.

एकेक गोष्ट मग उलगडत गेली. एक्झॉस्टमध्ये दाब सारखा वरखाली होतो. दाब कमी झाला की त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. तिच्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो लीन म्हणतो. कंपनीचा सेन्सरही त्याच पाइपमध्ये, म्हणजे ईसीयूसुद्धा फसून स्वतःहून पेट्रोल वाढवत होता, आणि वर माझे टक्के. मिश्रण इतकं घट्ट झालं की मधेच एखादा स्फोट चुकायचा. चुकलेल्या स्फोटातला ऑक्सिजनही न वापरलेलाच बाहेर पडतो, म्हणून आकडा आणखी लीन! उतारावरची फटफटही बरीचशी याच हवेमुळे होती.

नवं गॅस्केट घातलं, नट आळीपाळीने आवळले, तक्ता सगळा शून्यावर आणला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. यावेळी एक निर्णय आधीच घेतला. संथ चालीचा जो भाग ईसीयू सेन्सर वाचून स्वतः सांभाळतो, त्या चौकटींना हात लावायचा नाही. तिथे आपण ५ वाढवले तर तो थोड्या वेळात ५ कमी करतो. सेन्सरच्या जागी खोटा कपलर लावून हा भागही ताब्यात घेणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. मायलेज आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, दोन्हींचं नुकसान होतं. ४० टक्क्यांच्या पुढचे रकाने डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून मोजायचं यंत्र) करून घेतले, रस्त्यावर तेवढा एक्सलेटर धरून ठेवणं धोक्याचं आहे.

तरी तो पहिला आचका थोडा उरलाच. तो कुठल्याच चौकटीत सापडेना, कारण तो थ्रॉटल उघडतानाच्या क्षणाचा होता. कंट्रोलरमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते: थ्रॉटल झपकन उघडला की मोजक्या चक्रांपुरतं जास्तीचं पेट्रोल. ते आधी खूप दिलं तर गाडी गुदमरली, मग दोन-दोन टक्क्यांनी खाली आणलं. चौथ्या खेपेला रेघ ५ वरून २० वर नेली आणि गाडी तशीच, एका दमात, पुढे गेली.

प्लग आता फिकट तपकिरी आहे. सकाळी थंड इंजिनावर पहिली दोन मिनिटं गाडी अजून थोडी अडखळते. तो भाग ईसीयू इंजिनाचं तापमान बघून चालवतो, म्हणून मी तिथे काही केलेलं नाही. टेप मुठीवर तशीच आहे, २० ची रेघ तेवढी पुसट झाली आहे.