काळ्या मातीत पाझर चाचणी: पहिल्या दिवशी मोजू नका

नागपूरभोवतीच्या नव्या ले-आउटमध्ये गटारलाइन पोचलेली नसते. तिथे सेप्टिक टँकमधून निघणारं पाणी जमिनीतच मुरवावं लागतं. ते किती मुरेल हे जमिनीला विचारूनच ठरवायला हवं. प्रत्यक्षात मात्र शेजारच्या प्लॉटवर जेवढा शोषखड्डा आहे तेवढाच खणला जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात संडासात पाणी चढतं.

खड्ड्यात पाणी भरून ते किती वेगाने मुरतं हे मोजायचं, ही पाझर चाचणी. ती स्वस्त आहे. पण काळ्या मातीत ती चुकीच्या वेळी, घाईने केली तर न केल्यापेक्षा वाईट, कारण खोट्या आकड्यावर पुढचं सगळं बांधकाम उभं राहतं.

कारण मातीतच आहे. काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यांत वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत खड्डा करून पाणी ओतलं की ते भेगांतून खाली पळतं. मातीतून ते पाझरलेलंच नसतं. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने लवकर भरतात, पण कण स्वतः फुगायला बरेच तास लागतात. फुगल्यावर भेगा मिटतात आणि तीच जमीन पाणी धरून बसते. शोषखड्ड्याभोवतीची माती बाराही महिने ओलीच राहणार, म्हणून चाचणीतही तिला आधी पूर्ण फुगू द्यायचं.

पद्धत भारतीय मानक 2470 च्या दुसऱ्या भागात दिली आहे. जिथे पाणी मुरवायचं तिथेच, प्रस्तावित चराच्या (पाणी मुरवायला खणून गिट्टी टाकलेल्या लांब नालीच्या) तळाइतका खोल खड्डा घ्या. रुंदी किंवा व्यास 10 ते 30 सेंमी, बाजू उभ्या. हाताने फिरवून जमिनीत भोक पाडायचा ऑगर असेल तर उत्तम, नाहीतर सब्बल. एका प्लॉटवर निदान तीन खड्डे तरी घ्यावेत. एका कोपऱ्यात काळी माती दीड मीटर आणि दुसऱ्या कोपऱ्यात हातभर खाली मुरूम, हे इथे नेहमीचं आहे.

खणताना अवजाराने बाजू घासून गुळगुळीत होतात. तो लेप राहिला तर पाणी आत शिरतच नाही. म्हणून टोकदार खिळ्याने किंवा सुरीने बाजू आणि तळ खरवडा, सुटी माती बाहेर काढा आणि तळाशी 5 सेंमी जाड रेती किंवा बारीक गिट्टी टाका. मग गिट्टीच्या वर 30 सेंमी पाणी भरा. बादली धाडकन ओतू नका, बाजू ढासळून तळावर गाळ बसतो. नळी तळापर्यंत सोडून हळू भरा. सॉफ्टनरमधून (जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून) आलेलं पाणी अजिबात नको. त्यातल्या सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होतात आणि छिद्रं बुजतात.

मोजमाप दुसऱ्या दिवशी. मानकात रात्रभराची भिजवण आहे, पण काळ्या मातीत 24 तास पाणी टिकवून धरावं असं आमचं मत. दिवसभर अधूनमधून पाणी घालत राहायचं. जमिनीला उघड्या भेगा असतील तर 24 तासही भरवशाचे नाहीत, चाचणी ऑगस्ट-सप्टेंबरवर ढकला.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी उरलं असेल तर पातळी गिट्टीच्या वर 15 सेंमीवर आणून 30 मिनिटांत ती किती उतरते ते मोजा. उरलं नसेल तर 15 सेंमीपर्यंत भरून दर 30 मिनिटांनी मोजा, गरजेप्रमाणे पुन्हा भरा. असं 4 तास करून फक्त शेवटच्या अर्ध्या तासातली घट धरायची. सगळ्या घटींची सरासरी काढली की भिजण्यापूर्वीचा वेग त्यात मिसळतो. खड्ड्यावर दोन विटांवर लाकडी पट्टी ठेवली की मोजायची जागा हलत नाही.

25 मिमी उतरायला लागणारी मिनिटं म्हणजे पाझर दर. 30 मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा किंवा पाझरचर चालतो. 30 ते 60 मध्ये फक्त चर. 60 च्या वर असेल तर जमिनीत मुरवण्याचा नाद सोडून वेगळी गाळणी करावी लागते. एका चौरस मीटरमध्ये दिवसाला किती लिटर मुरवता येईल ते काढायचं सूत्र: 204 भागिले पाझर दराचं वर्गमूळ.

घरातून रोज 540 लिटर पाणी निघतं असं धरा. कोरड्या जमिनीत पहिल्याच दिवशी मोजलं आणि अर्ध्या तासात 83 मिमी उतरलं, तर दर 9 मिनिटांचा. चौरस मीटरला 68 लिटर, म्हणजे 8 चौरस मीटर तळ. 60 सेंमी रुंद चर सुमारे 13 मीटर पुरेल. त्याच खड्ड्यात माती फुगल्यावर 30 मिमीच उतरलं, तर दर 25 मिनिटांचा, चौरस मीटरला 41 लिटर आणि चर 22 मीटर लांब. राहिलेल्या 9 मीटरचं पाणी अंगणातच वर येणार. चराचा हिशोब तळाच्या क्षेत्रावर करतात, शोषखड्ड्याचा पाइपच्या पातळीखालच्या भिंतींवर.

काळी माती ओलांडून मुरमात उतरायचा मोह होतो. मुरमात पाणी झरझर जातं, पण पश्चिम नागपुरात त्याखाली बेसाल्ट आहे. त्याच्या फटींतून न गाळलेलं पाणी थेट विहिरीत पोचू शकतं. विहिरीपासून 18 मीटर, राहत्या घरापासून 6 मीटर हे अंतर मानकात आहे. फटी असलेल्या खडकावर तेवढ्यावर निर्धास्त राहू नये.

भूजल किती वर येतं हे चाचणीतून कळत नाही. त्यासाठी वेगळा खोल खड्डा घ्या. करड्या मातीत गंजासारखे ठिपके दिसले तर पावसाळ्यात पाणी तिथवर चढतं. शेजारच्या विहिरीची पातळी सप्टेंबरात बघा, मे महिन्यात नाही.

चर खणायच्या दिवशी तळाची माती तळहातावर वळून बघा. 3 मिमीची वात वळली गेली तर ती फार ओली आहे. जेसीबीच्या बकेटने तळ लिंपला जाईल आणि चाचणीतला दर चरात मिळणार नाही. माती भुरभुरीत होईपर्यंत थांबा, आणि खणून झाल्यावर तळ दाताळ्याने खरवडूनच गिट्टी टाका.