सायीवरचा पाय

जर्मनीत काही गाड्यांच्या नंबरप्लेटवर उजव्या कडेला एक छोटासा अपूर्णांक छापलेला असतो: वर ०४, खाली १०. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो एखाद्या सोसायटीच्या पार्किंगचा क्रमांक वाटला होता. प्रत्यक्षात तो महिन्यांचा हिशेब असतो. ही गाडी एप्रिलच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंतच रस्त्यावर येऊ शकते. उरलेले पाच महिने तिला सार्वजनिक रस्त्यावर चालवायचे तर नाहीच, पण उभेही करायचे नाही. टप उघडणाऱ्या, दोन माणसांच्या, बुटक्या स्पोर्ट्स कारवर ही मोसमी पाटी हमखास दिसते. स्टुटगार्टजवळ स्थिरावल्यावर मी एक वापरलेली माझदा एमएक्स-५ विकत घेतली, तेव्हा तिच्यावरही असाच अपूर्णांक होता. पहिल्या वर्षी नोव्हेंबर लागताच मी तिला भाड्याच्या गॅरेजात नेऊन आज्ञाधारकपणे झाकून ठेवले. दुसऱ्या वर्षी गॅरेजचे भाडे जिवावर आले आणि मी बारमाही पाटी घेतली. या निर्णयात शौर्याचा भाग अजिबात नव्हता, हे आधीच सांगून टाकते.

आईला ही बातमी फोनवर सांगितली, तेव्हा तिने क्षणाचाही विलंब न लावता विचारले, "अगं, बाबांची पद्मिनी विसरलीस वाटतं?"

विसरले नव्हते. माझ्या माझदासारखेच प्रीमियर पद्मिनीचेही इंजिन पुढे आणि चालणारी चाके, म्हणजे इंजिनाचा जोर ज्यांना मिळतो ती, मागे. पावसाळ्यात कोकणातल्या घरी जाताना शेवटच्या लाल चिखलाच्या वळणावर तिची मागची चाके जागच्या जागी फिरू लागत, चिखलाचे फवारे उडत आणि गाडी तसूभरही पुढे सरकत नसे. मग बाबा इंजिन बंद न करता मामाला हाक मारत आणि मामा निमूटपणे जाऊन डिकीवर बसे. मामाचे वजन मागच्या चाकांवर पडले की गाडी एक हिसका देऊन निघे. पुढे मारुती ८०० आली, तिची चाके पुढची चालणारी होती आणि इंजिनाचा भार नेमका त्याच चाकांवर होता. मामाची नोकरी तिथे संपली.

बर्फात मागच्या चाकांवर चालणारी गाडी का फसते, हे समजावताना लोक हातगाडीचे उदाहरण देतात: पुढून ओढली की सरळ चालते, मागून ढकलली की वाकडी जाते. मला ते अपुरे वाटते. मामाचे उदाहरण अधिक नेमके आहे. प्रश्न चाके पुढची की मागची असा नसून, जे चाक जोर लावते त्याच्या डोक्यावर वजन किती, असा आहे. पुढची चाके चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत निम्म्याहून बरेच अधिक वजन पुढे असते. माझ्या गाडीत ते पुढे-मागे जवळजवळ समसमान वाटलेले आहे. कोरड्या रस्त्यावर वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो, चालणारी चाके जमिनीला अधिक घट्ट धरतात आणि ही वाटणी वरदान ठरते. बर्फात मुळात वेगच हळू घ्यावा लागतो, त्यामुळे भार मागे सरकतच नाही, आणि ऐन गरजेच्या वेळी ते वरदान घरी राहते. याच न्यायाने, आमच्या स्टुटगार्टमध्येच बनणाऱ्या पोर्श ९११ची चालणारी चाकेही मागची असली तरी इंजिन त्या चाकांच्याही मागे असल्यामुळे तिने मॉन्टे कार्लोची हिवाळी रॅली १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षे जिंकली. तिचा मामा कारखान्यातच डिकीवर बसवून दिलेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

माझ्या गाडीच्या डिकीत मामा मावणार नाही. तिथे जेमतेम १३० लिटर जागा आहे, तीत मी वीस किलो बारीक रेवेची पिशवी पट्ट्याने आवळून ठेवते. वजनापुरता तिचा उपयोग बेताचाच. खरा उपयोग चाक फिरू लागले की त्याच्या पुढ्यात मूठभर रेव टाकण्याचा. सगळी भिस्त आहे ती टायरवर. उन्हाळी टायरचे रबर पारा सात अंशांच्या खाली गेला की कडक होऊ लागते, तर हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या शेकडो बारीक चिरा बर्फाला चिमटीत धरतात. उन्हाळ्यात माझे टायर २०५ मिलिमीटर रुंदीचे असतात, हिवाळ्यात १९५चे. रुंद टायर दिसायला रुबाबदार असतो, पण बर्फावर तो होडीसारखा तरंगू लागतो. अरुंद टायर बर्फ कापून खाली जातो. "ऑक्टोबर ते ईस्टर" हा इथल्या घराघरांतला टायर बदलण्याचा मुहूर्त आहे, पण कायदा कॅलेंडर पाहत नाही, रस्ता पाहतो. रस्ता निसरडा असेल तर टायर हिवाळीच हवेत, आणि १ ऑक्टोबर २०२४पासून त्यांवर तीन शिखरे व हिमकण यांचे चिन्ह असणे सक्तीचे आहे.

रस्ता निसरडा म्हणजे काय, हे सांगताना तो कायदा पाच प्रकार मोजून दाखवतो: काचेसारखे गोठलेले पाणी, दाबला गेलेला हिमवर्षाव, वितळता चिखलबर्फ, गोठलेला ओलावा आणि दहिवराचा थर. आपण या सगळ्याला बर्फ म्हणतो, आणि उसाच्या रसात टाकतात त्यालाही बर्फच म्हणतो. पावसाच्या बाबतीत भुरभुर, रिपरिप, झड आणि सर असा बारकावा पाळणाऱ्या भाषेने इथे हात आखडता घेतला, कारण तिच्यावर तशी वेळच आली नाही. माझ्यावर आली, म्हणून मी घरगुती नावे ठेवली आहेत. ताजा भुसभुशीत पडतो तो रवा, चाकांखाली दाबून चकचकीत झालेला तो बर्फीचा थर, मिठामुळे अर्धवट वितळलेली ती रबडी, आणि पुलावर पहाटे डांबरासारखा काळा दिसतो पण डांबर नसतो तो काचबर्फ. ही नावे नुसती हौसेची नाहीत. ताशी ५० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. बर्फीच्या थरावर हे अंतर ४०च्या घरात जाते आणि काचबर्फावर १००च्या. रव्यावरून गाडी नेताना मी सावध असते. काचबर्फाची नुसती शंका आली तरी श्वाससुद्धा बेताने घेते.

शेजारी एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ राहतात, गिअरबॉक्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणते. बारमाही पाटी लावलेली पाहून ते फाटकापाशी आले आणि म्हणाले, "उजव्या पायाखाली कच्चे अंडे आहे असे समजा. ते फुटले की गाडी तुमची राहिली नाही." ही इथली जुनी म्हण आहे. आमच्या घरात अंडे शिजत नसे, त्यामुळे मी ते दुधाच्या पातेल्यावर आणून ठेवले. लहानपणी खालचे दूध हवे असले की आई साय न मोडता डावाच्या कडेने ती हलकेच सारत असे. ॲक्सिलरेटरवरचा पाय तसा हवा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सावकाश सोडत, चाकांना कळूही न देता हलवायची.

पायाने दाबताना साय मोडते हे मला कळले होते. पाय उचलतानाही ती मोडते, हे कळायला एक चौक लागला. त्या सकाळी पार्किंगमधल्या भुसभुशीत बर्फातून गाडी निघेना, म्हणून मी चाकांना थोडे फिरू देण्यासाठी घसरण रोखणारी यंत्रणा बटण दाबून बंद केली, पुढे-मागे झोके देत गाडी बाहेर काढली आणि ते बटण पुन्हा दाबायला विसरले. पाचच मिनिटांनी गोल चौकात शिरले. वेग ताशी २० असेल. अर्ध्या वळणावर गाडी जरा बाहेर सरकल्यासारखी वाटली आणि मी घाबरून पाय एकदम वर उचलला. पाय उचलला की इंजिनच चाकांची गती रोखू लागते, आणि हा इंजिनाचा लगाम या गाडीत फक्त मागच्या चाकांना बसतो. मागची चाके क्षणभर अडखळली, शेपूट बाहेर फिरले, आणि जेव्हा सगळे थांबले तेव्हा गाडीचे नाक चौकाच्या मधल्या बेटाकडे व मागचा भाग बेकरीच्या दाराकडे होता. कुठे ओरखडाही उमटला नाही. बेकरीच्या रांगेतील माणसांनी अत्यंत सभ्यपणे दुसरीकडे पाहिले. ओरडली असती तर बरे वाटले असते.

त्यानंतर मी एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेच्या सराव मैदानावर एक दिवस नाव नोंदवले. तिथे जमिनीत एक लोखंडी फळी बसवलेली असते. तुम्ही तिच्यावरून जाता, पुढची चाके पार होतात, आणि मागची चाके वर येताच ती फळी खटकन डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. कोणत्या बाजूला, हे आधी कळत नाही. पुढे पाण्याने निसरडा केलेला लांबलचक पट्टा. पहिल्या तीन खेपांना मी भोवऱ्यासारखी फिरले. वायरलेसवरून प्रशिक्षक एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते: क्लच दाबा आणि जायचे आहे तिकडे पाहा. क्लच दाबला की इंजिनाचा जोर आणि लगाम दोन्ही सुटतात, मागची चाके मोकळी होतात. आणि नजर जिकडे जाते तिकडे हात आपोआप स्टिअरिंग वळवतात. शेपूट उजवीकडे गेले तर स्टिअरिंगही उजवीकडे, पण शेपूट परतू लागताच तितक्याच चपळाईने सरळ, नाहीतर ते दुसऱ्या बाजूला दुप्पट जोराने जाते. चौथ्या खेपेला मला जाणवले की शेपटाची बातमी डोळ्यांआधी कमरेला कळते. मागच्या चाकांच्या जवळजवळ पुढ्यातच बसवणाऱ्या या गाडीचा मला पहिल्यांदा आदर वाटला.

याच भागातील अभियंत्यांनी बॉश आणि मर्सिडीजच्या माध्यमातून १९७८ साली चाके जाम होऊ न देणारा ब्रेक आणि १९९५ साली घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा बाजारात आणली. शेपूट बाहेर जाऊ लागले की ही यंत्रणा बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावते आणि गाडीला पुन्हा वाटेवर आणते, जे कोणत्याही माणसाला चार पाय असले तरी जमणार नाही. मी आता ते बटण झोके देण्यापुरतेच बंद करते. तरीही टायरच्या गाठीला पकडीची जी एकच पुरचुंडी असते, तिच्यात ही यंत्रणा एका पैशाचीही भर घालत नाही. ब्रेक, वळण आणि वेग हे तिघेही त्याच पुरचुंडीतून खर्च करतात. बर्फात पुरचुंडी इतकी लहान असते की एका वेळी एकालाच काय ते मिळते.

म्युन्झिंगेनहून बाड उराखकडे उतरणाऱ्या रस्त्यावर याची परीक्षा होते. वर पठारावर बर्फ, खाली दरीत नुसता पाऊस, आणि मधे कुठेतरी एकाचे दुसरे होते, ते पाटी लावून कोणी सांगत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे सह्याद्रीत शिकलेले वाक्य इथे जपून वापरावे लागते. उतारावर मागचा भाग आधीच हलका झालेला असतो. त्यात खालचा गिअर हिसक्याने टाकला तर इंजिनाचा लगाम मागच्या चाकांना हँडब्रेक ओढल्यासारखा बसतो. म्हणून मी सरळ रस्ता आहे तोवरच ब्रेक लावून वेग मोडते, गिअर उतरवताना क्लच सोडण्यापूर्वी ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श करून इंजिन चाकांच्या गतीला आणते, ब्रेकवरचा पाय काढते, आणि मगच वळते. मागचा ट्रकवाला दिवे चमकवत राहतो. चमकवू दे.

काही सकाळी मात्र गाडी काढायचीच नसते. रवा वीतभर साचला की बुटक्या गाडीचे पोट त्यावर टेकते, चाकांवरचे वजन उचलले जाते, आणि मग टायर, रेव, यंत्रणा सगळे निरुपयोगी. अशा दिवशी मी ट्रेनने जाते.

परवा तेवढा बर्फ नव्हता. छपरावरचा बर्फ मऊ कुंच्याने झाडला, दिवे पुसले, दुसरा गिअर टाकला आणि फाटकातून सफाईने बाहेर पडले, असे निदान मला वाटले. संध्याकाळी परतले तेव्हा आजोबा फाटकापाशी फावडे टेकवून उभे होते. त्यांनी काही न बोलता जमिनीकडे बोट दाखवले. माझ्या सकाळच्या चाकोऱ्या गोठून राहिल्या होत्या: पुढच्या चाकांच्या स्वच्छ, नक्षीदार, आणि जिथून गाडी हलली त्या जागी मागच्या चाकांनी घासून चकचकीत केलेले दोन लांबट डाग, उजवीकडे किंचित वाकलेले.

"आज अंडे फुटले," ते म्हणाले.

मी डिकी उघडून रेवेची पिशवी काढली.